पाठमोरी

मिरजेला जायच्या आदल्या संध्याकाळी आईनं दोन्ही कानांत लसणीचं कोमट तेल घातलं, वर कापसाचे बोळे कोंबले आणि भिंतीला टेकून बसली.

"हे काय चालवलंयस?" मी तिच्या समोर जाऊन विचारलं.

"उद्या परीक्षा हाय न्हवं? कान साफ नको?"

"अगं, ते बॅटरी मारून आत बघतात. तेल बघून ओरडतील तुला."

"ओरडू देत. पास झाल्यावर काय बोलत्यात बघू."

परीक्षा हा तिचाच शब्द. आई दुसरीतून शाळा सोडून इचलकरंजीच्या माग-खात्यात कांड्या भरायला लागली होती. त्यामुळे आयुष्यात द्यायची राहून गेलेली परीक्षा आता पन्नाशीत आल्यासारखी तिनं तयारी चालवली होती. खात्यातल्या यमुनाकाकूंचा कान पूर्वी कधीतरी तपासून झाला होता. त्यांना घरी बोलावून, चहा पाजून, आईनं सगळा अभ्यासक्रम काढून घेतला. काचेची खोली असते. कानाला टोपण लावतात. बारीक शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की हातातलं बटण दाबायचं.

"आन् चुकलं तर?" आईनं विचारलं होतं.

"चुकायचं काय त्यात? वाजली की दाब."

"मग सोपं हाय की," आई म्हणाली होती.

सोपं नव्हतं. त्या तपासणीवर माझी नोकरी लटकली होती.

मी एसटीत कंडक्टर. तेजू झाल्यावर रजा घेतली होती, ती येत्या सोमवारी संपत होती. माझे यजमान विलास सूतगिरणीच्या ऑफिसात. दिवसभर घरात कुणी नाही. मागच्या बोळात राहणारी माझी आई खातं सोडून तेजूला सांभाळणार, हे तेजू पोटात असतानाच ठरलं होतं. बाळंतपणापासून ती आमच्याकडेच होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि समोर तांदूळ निवडायचं ताट नाहीतर भाजी घेऊन बसायचं, अशी तिची बैठक. तेजू झोपली तरी दोरी काढायची नाही. मी म्हणायचे, "आता झोपलीय ती, कशाला झोका देतेस?" आई म्हणायची, "मी कुठं देतीया?" आणि खरंच, तिचा पाय हलत नसायचा.

आदल्या रविवारी माझी नणंद शारदावन्सं आल्या होत्या. मी हजर होण्याचा अर्ज द्यायला डेपोत गेले होते. परतताना कोपऱ्यावर विलास भेटले. दोघं जिन्याशी आलो तोच वर तेजूचा आवाज. साधं रडणं नव्हतं. रडून रडून घसा बसल्यावर येतो तो आवाज होता. विलास दोन-दोन पायऱ्या चढत गेले. तेजू आतल्या खोलीत पलंगावर, लालबुंद, मुठी आवळलेल्या. आणि चार पावलांवर स्वयंपाकघरात आई आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. एका लयीत, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात. विलास तेजूला घेऊन तिच्यासमोर उभे राहिले तेव्हा तिचे हात थांबले.

तिनं तेजूकडे पाहिलं, मग रिकाम्या पाळण्याकडे.

"पाळण्यातनं हिला कुणी काढलं?" ती म्हणाली.

"मामी, प्रश्न कुणी काढलं हा नाही," विलास म्हणाले.

वन्सं गच्चीवरून धावत आल्या. "लंगोट ओला होता म्हणून मी काढलं हिला. धुतलेले कपडे वाळत घालायला वर गेले, एवढंच. मामी घरात आहेत म्हटल्यावर..." त्या थांबल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "वहिनी, मामींना ऐकू येत नाही का गं?"

"कोण म्हंतंय ऐकू येत न्हाई?" आई ताडकन म्हणाली. ती वन्संच्या तोंडाकडेच बघत होती.

जेवताना विलासनी विषय काढला. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"आईंचे कान तपासून आण. ठीक निघाले तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही निघाले तर तू रजा वाढव, नाहीतर नोकरी सोड. मी पोरीला अशी सोडून जाऊ शकत नाही."

"आईला ऐकू येतं. रोज बोलते ना मी तिच्याशी."

"मग तपासायला काय हरकत आहे?"

काहीच हरकत नव्हती. माझी खात्री होती. आई मोठ्यानं बोलायची, पण खात्यातली सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात. माझ्याही आवाजाचं श्रेय तिलाच. मुलाखतीला साहेब म्हणाले होते, तुम्हाला शिट्टी द्यायची गरज नाही.

कानात तेल घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तेजूला वन्संकडे ठेवून आम्ही मिरजेची गाडी पकडली. ओळखीचा कंडक्टर, त्यानं पुढचं बाकडं दिलं. गाडी जुनी. इंजिनाचा आवाज एवढा की मला माझं बोलणं ऐकू येईना. आई मात्र मान वळवून पार मागच्या बाकड्याकडे बघत बसली होती. थोड्या वेळानं माझ्याकडे वळली.

"ती हिरव्या लुगड्याची बाई बघ. नवऱ्याला म्हंतीया, तुमच्या भनीनं आहेरात दिलेला डबा गळका निघाला."

"एवढ्या लांबचं ऐकू येतंय तुला?"

"मग! तो म्हंतोय, भनीला काय ठावं, दुकानदारानं फसीवलं. आता ती म्हंतीया, तुमचं सगळं घरच गळकं हाय." आई हसली. "आता त्येनं तोंड खिडकीकडं केलं. संपलं भांडण."

मी निवांत झाले. एवढे तिखट कान असलेल्या बाईला कोण नापास करणार?

दवाखान्यात आधी एका डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि मी म्हटलं तेच झालं.

"तेल कोणी घातलं?"

"मीच," आई अभिमानानं म्हणाली. "लसणीचं."

"पुन्हा घालायचं नाही. आजी, कान म्हणजे फोडणीची पळी नाही."

आईला ते आवडलं. कान साफ होईतो ती हसत होती. मग आम्हाला आतल्या खोलीत पाठवलं. तिथं तनुजा देशमाने नावाची तरुण बाई होती. कान तपासणं हेच तिचं काम. टेबलावर बटणांचं यंत्र, आणि टेबलापलीकडे भिंतीत एक मोठी काच. काचेमागं लहानशी खोली, आतून स्पंज लावलेली.

तनुजा मॅडम खाली बघून कागदावर लिहीत होत्या. "काम काय करता तुम्ही?"

आई गप्प.

"आजी, काम काय करता?"

आई गप्पच. मॅडमनी वर बघितलं.

"असं मान खाली घालून काय बोलता बाई?" आई म्हणाली. "माणसाशी बोलताना तोंड वर करावं."

"चुकलं माझं," मॅडम हसून म्हणाल्या. "काम काय करता?"

"कांड्या भरते."

मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं. मागावर आडवं सूत घालायला धोटा असतो, धोट्यात बसवायच्या काडीवर सूत गुंडाळून द्यावं लागतं, ती कांडी. कांडी भरायचं यंत्र मागांच्या रांगेतच असतं. आई परकर नेसत होती तेव्हापासून तिथं बसत आली होती.

"म्हणजे दिवसभर मागांच्या आवाजात?"

"मग माग काय देवळात असत्यात?" आई म्हणाली. "घ्या परीक्षा. हिला सोमवारी कामावर जायचंय."

मॅडमनी तिला काचेच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. तोंड काचेकडे. कानांवर टोपणं चढवली, हातात बटण दिलं. समोर बसून नीट सांगितलं, "शिट्टी ऐकू आली की दाबायचं. अगदी बारीक, लांबून आल्यासारखी आली तरी दाबायचं. शंका वाटली तरी दाबा. आधी उजवा कान, मग डावा. यात पास-नापास काही नसतं."

"आसं सगळेच मास्तर म्हंत्यात," आई म्हणाली.

दार लागलं. मी बाहेर मॅडमच्या शेजारी बसले. आईनं आत बटण दाबलं की इकडच्या यंत्रावर तांबडा दिवा लागायचा. आई ताठ बसली होती, डोळे काचेला लावून. मॅडमनी एक कळ दाबली. दिवा लागला. दुसरी दाबली. दिवा लागला. आवाज कमी करत त्या खाली खाली आल्या, आणि दरवेळी दिवा लागत गेला. माझ्या डोळ्यांसमोर सोमवारची पहिली गाडी उभी राहिली. विलासना काय म्हणायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं. काहीच म्हणायचं नाही, नुसता कागद पुढ्यात ठेवायचा.

"छान ऐकतात," मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "फारच छान ऐकतात."

"तेच म्हणत होते मी."

"दोन्ही कान हुबेहूब सारखे. आणि हा जो आत्ता दिला ना, इतका बारीक आवाज मलाही ऐकू येत नाही."

त्यांनी हात यंत्रावरून उचलला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. कळ नव्हतीच तिथं, नुसतं लाकूड. तिथं बोट दाबलं.

दिवा लागला.

पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा लागला. काचेपलीकडे आईच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या मुलीचं तेज होतं.

"मी आत्ता आवाज दिलेला नाही," मॅडम मला म्हणाल्या. "त्या माझं बोट बघतायत."

त्या उठून आत गेल्या. मीही मागं गेले. त्यांनी आईची खुर्ची फिरवली, तोंड भिंतीकडे आणि काच पाठीमागं.

"हे काय?" आई म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून? मी काय वर्गातलं वांड पोरगं हाय व्हय?"

"फक्त एकदा, आजी. नुसतं कानानं."

"मग मघाशी कशानं केलं?"

मॅडमनी टोपणं नीट बसवली. मला म्हणाल्या, "त्या अस्वस्थ होतील. तुम्ही आतच थांबा, त्यांच्या मागं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

दार बंद झालं. त्या खोलीतली शांतता मी आजतागायत दुसरीकडे अनुभवलेली नाही. स्वतःचा श्वास मोठा वाटत होता. आईची पाठ माझ्यासमोर, अंबाड्यात अबोलीचा गजरा, परीक्षेसाठी घातलेला. तिचा अंगठा बटणावर तयार.

बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, मॅडमनी अजून सुरुवात केली नसावी. मग टोपणाच्या कडेतून एक आवाज निसटला. डासासारखा. आईचा अंगठा हलला नाही. आवाज थांबला, परत आला, आता जरा मोठा. अंगठा हलला नाही. मग जाडसर, ढोलासारखा घुमणारा एक आला, तेव्हा आईनं बटण दाबलं. माझ्या जिवात जीव आला. पण पुन्हा बारीक शिट्टी सुरू झाली. ती वाढत गेली. वाढून वाढून अशी झाली की मागं उभ्या असलेल्या मला ती स्पष्ट ऐकू येत होती, दातांत शिरत होती. गाडी मागं घेताना मी देते तशी शिट्टी, तिच्या कानाला लावून कुणीतरी फुंकत होतं. आणि तिचा अंगठा बटणावर तसाच तयार, स्थिर.

शिट्टी बंद झाली. आई थोडा वेळ वाट बघत राहिली. मग भिंतीला म्हणाली,

"सुरू करा की बाई. किती वेळ नुसतं बसायचं?"

मी नियम मोडला. तिच्या समोर गेले, गुडघ्यावर बसले आणि तिची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे केलं. लहानपणापासून मी असंच करत आले होते. आईला काही सांगायचं तर आधी हनुवटी धरायची. मला वाटायचं, सगळीच मुलं आयांशी अशी बोलतात.

"झालं आई," मी म्हणाले. "संपलं."

बाहेर मॅडमनी आलेख दाखवला. जाड आवाज थोडेफार पोचत होते. बारीक आवाजांच्या बाजूला रेघ उतरत उतरत कागदाच्या तळाशी गेली होती. "बाळाचं रडणं साधारण इथं येतं," त्यांनी पेन टेकवलं. रेघ त्याच्या कितीतरी खाली होती. "हे आजचं नाही. वर्षानुवर्षं झालेलं आहे. परत येणार नाही. पण कानाच्या मशीननं बरीच मदत होईल."

आई आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हंजे मी फसीवलं, आसं म्हंताय?"

"नाही, नाही. असं कोण म्हणालं?"

"मग काच कशाला लावलीया मधे?" आईचा आवाज चढला. "बघायचं नसतंय तर भिंत बांधायची. मला वाटलं, बाईचा हात बघायचा आन् दाबायचं. खात्यात दुसरं काय करतोय आमी? जॉबर, म्हंजे मुकादम, तिकडनं बोलतोय, आमी हिकडनं बघतोय. तितं ऐकू कुणाला येतंय? आमच्यात ऐकणं म्हंजे हेच."

मॅडम तिच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. मान वर, सावकाश म्हणाल्या, "तुम्ही फसवलं नाही, आजी. तुम्ही तुमच्या रीतीनं बरोबर केलं. माझं यंत्र ती रीत मोजत नाही."

परतीच्या गाडीत हिरव्या लुगड्याचं कुणी नव्हतं. मी आईचा हात दाबून तिचं लक्ष वेधलं आणि सांगून टाकलं. "मी नोकरी सोडते."

"का?"

"का म्हणजे? तेजू रडली तर तुला कळणार कसं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच नापास होऊन आले होते.

"रडूस्तवर वाट बघतंय कोण?"

"म्हणजे?"

"त्या बाईनं परीक्षा उलटी घेतली. मला जे येतंय ते इचारलंच न्हाई. घरी चल. जावईबापूंना बसीव समोर. आता पेपर मी काढते."

गाडीत त्यापुढं ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. तिनं तोंड फिरवलं की तिच्याशी बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आजवर तो तिचा राग वाटायचा. तो राग होताच, पण दार लावून घेणंही होतं.

घरी विलास लवकर आले होते. वन्सं तेजूला ठेवून गेल्या होत्या. दार उघडताच त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"ऐकू येत नाही," मी म्हणाले. "बाळाचं रडणं तर नाहीच."

त्यांनी मान हलवली. विजय वगैरे काही नव्हता तोंडावर. उलट थकल्यासारखे दिसले. "मग सोमवारी तुला..."

"थांबा, जावईबापू," आई म्हणाली. तिनं हात-पाय धुतले, तेजूला माझ्याकडे पाजायला दिलं, मग घेऊन पाळण्यात घातलं. दोरी अंगठ्यात अडकवली आणि पाळण्याकडे पाठ करून भिंतीसमोर बसली. मांडीवर तांदळाचं ताट. "बसा हितं. चहा घ्या. माझ्याकडं बघू नका, पोरीकडं बघा."

आम्ही बसलो. तेजू झोपली. दोरी पाळण्यापासून आईच्या पायापर्यंत ताणलेली होती. झोका द्यायला दोरी सैल लागते, हे मी आईच्या शेजारी बसून इतके दिवस पाहत होते आणि तरी कधी मनात आलं नव्हतं. आई खडे वेचत राहिली. विलासनी चहा संपवला, कपबशी बाजूला ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा तेजूकडे पाहिलं.

पाळण्यात एक पाय हलला. इतका थोडा की पांघरूणसुद्धा धड हललं नाही. विलासना तो दिसला, कारण ते टक लावून होते. आईची पाठ होती. तिनं ताट खाली ठेवलं, वळली, आणि पाळण्यावर वाकली. तेव्हा कुठं तेजूचं तोंड वाकडं व्हायला लागलं होतं.

"पोरगं आधी पाय हलीवतंय," आई तिला उचलून घेत म्हणाली. "मग तोंड वाकडं करतंय. मग रडतंय. तुमच्याकडं रडणं आल्यावर निरोप पोचतोय. माझ्याकडं पाय हलला की."

विलासनी वाकून दोरी चाचपली. मग म्हणाले, "मामी, हे कधी शिकलात?"

"शिकायचं काय? कांडीवाल्या सगळ्या आसंच करायच्या. खात्याच्या कोपऱ्यात पाळणा बांधायचा आन् दोरी अंगठ्याला. तितं पोरगं बोंबललं तरी ऐकू कुणाला जायाचं? कान चांगला आसंल तिला बी न्हाई. सूत बोटावर धरून बसायचं, दोरी अंगठ्यावर. सूत तुटलं तर बोटाला कळायचं, पोरगं उठलं तर पायाला. हिला आशीच वाढीवली." तिनं माझ्याकडे मान हलवली. "रविवारी मी पीठ घ्यायला उठले, तवर तुमच्या भनीनं पोरीला पाळण्यातनं काढलं. काढू दे. पण मला सांगिटलं न्हाई. माझी दोरी रिकाम्या पाळण्याला."

पाळण्यातनं हिला कुणी काढलं? रविवारी ती हेच विचारत होती. आम्हा सगळ्यांना ती सबब वाटली होती.

मला वाटलं, आता संपलं. पण विलास हिशोबी माणूस. ते पाळण्याकडे, दोरीकडे, तेजूकडे बघत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मामी, महिना-दोन महिन्यांत ही पालथी पडेल, रांगायला लागेल. मग पाळण्यात किती वेळ राहणार? तेव्हा दोरी कुठं बांधणार?"

तेजूनं आईच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरली होती. ती तिनं एकेक बोट उघडत सोडवली. मी मध्ये पडणार होते, पण पडले नाही. हा पेपर तिचा होता.

"ह्येचं उत्तर माझ्याकडं न्हाई," ती शेवटी म्हणाली. "खात्यात पोरं रांगायला लागली की थोरली भावंडं सांभाळायची. हितं थोरलं कोण न्हाई." मग माझ्याकडे वळली. "ते मशीन म्हंत हुती ती बाई, ते लावते. आत्ताच लावते, रांगायची वाट कशाला बघू? पण दोरी मी सोडणार न्हाई. आन् ह्या घरात पोरीला पाळण्यातनं जो काढंल त्येनं माझ्या तोंडासमोर येऊन सांगायचं. सायेब आसू दे न्हाईतर सायबाची भन."

"मान्य," विलास म्हणाले.

"मग सोमवारी हिला जाऊ दे कामावर."

"जाऊ दे," विलास म्हणाले.

शनिवारी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. तनुजा मॅडमनी मशीन कानाला बसवलं, कळ फिरवली. आईनं पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे बघितलं, मनगट हलवलं, पुन्हा हलवलं. "ह्या बांगड्या एवढा कालवा करत्यात व्हय?" त्या दिवशी ती कुठल्याच आवाजाला खूश नव्हती. पंखा, चप्पल, माझा आवाज. "तू आशी वरडून बोलतीस? नवरा कसा टिकला तुझा?"

संध्याकाळी तेजू भुकेनं रडली. आई दोरी सोडून पाळण्याजवळ आली. रोज जिला ती पहिल्या हालचालीला उचलायची, तिला तिनं त्या दिवशी उचललं नाही. कानावर हात ठेवून ती उभी राहिली आणि ऐकत राहिली. मी घ्यायला गेले तर तिनं मला हातानं थांबवलं.

"एवढं रडत्यात व्हय पोरं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तू बी आशीच रडत आसशील."

मग तिनं तेजूला उचललं.

सोमवारी पहाटेची गाडी मी नेली. दुपारी डेपोत हिशोब देऊन घरी आले, चप्पल बाहेर काढली, आवाज न करता दार लोटलं. तेजू पाळण्यात गाढ झोपलेली. आई खाली चटईवर आडवी, भिंतीकडे तोंड करून. मशीन कानातून काढून डबीत ठेवलेलं, डबी उशाशी. दोरी अंगठ्यात, ताणलेली.

आज तेजू कॉलेजात आहे, आई थकली आहे, आणि मी असंख्य वेळा त्या दारातून आत आले आहे. पण ती पहिली दुपार मला अजून दिसते. मी पाळण्यापाशी वाकले. तेजूला हात लावला नाही. दोरीला लावला, अगदी हलकेच, एका बोटानं.

आई वळली नाही. डोळेही उघडले नाहीत तिनं.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "पोरगी झोपलीया. ताट झाकून ठेवलंय, जेवून घे."